विचाराधीन

सरकारी फायलीवर ‘विचाराधीन’ असा एक शेरा असतो. फाईल मंजूर नाही, नामंजूरही नाही. ती टेबलावर आहे, तिच्यावर चहाच्या कपाची गोल खूण उमटली आहे, आणि कोणी चौकशी केलीच तर पुढे करायला एक शब्द आहे. डोंबिवलीतल्या एका दुसऱ्या मजल्यावर असाच एक लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज ११ चढवावं की १० वरच गेम खेळत राहावं, हा प्रश्न २०२१ च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे विंडोज ११ बाजारात आलं त्या आठवड्यापासून, मालकापुढे पडून आहे. मालकाचं नाव सांगायची गरज नाही. तुमच्याही ओळखीत तो असणारच. त्याला विचाराधीन म्हणून हाक मारा, ओ देईल.

या रोगाला पूर्वेतिहास आहे. २०१५ साली घरच्या डेस्कटॉपवर विंडोज ७ होतं आणि उजव्या कोपऱ्यात विंडोज १० फुकट घेण्याचं आमंत्रण रोज उगवत होतं. मुदत २९ जुलै २०१६. जगात काही फुकट नसतं, या तत्त्वावर त्याने वर्षभर अभ्यास केला. २९ तारखेला रात्री साडेअकराला छातीवर हात ठेवून बटण दाबलं, आणि लाईट गेली. ती आली तेव्हा तीस तारीख उजाडली होती. गंमत म्हणजे ही मुदत कागदावरचीच निघाली. फुकट घेणाऱ्यांसाठी मागचं दार मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत उघडंच ठेवलं होतं. विचाराधीनला हे कळलं ऑक्टोबरात.

त्या रात्रीचा चटका इतका होता की पुढच्या वर्षी त्याने आयुष्यात एकदाच विचार न करता काहीतरी केलं: लॅपटॉप घेतला. २५ ऑगस्ट २०१७ ला गणपती बसले, दुकानात सूट होती, आणि आत सातव्या पिढीचा आय-फाईव्ह होता. चारच दिवस आधी, २१ ऑगस्टला, इंटेलने लॅपटॉपसाठी आठव्या पिढीची घोषणा केली होती. तेव्हा कोणाला त्याचं काय! चार वर्षांनी विंडोज ११ ची पात्रता यादी आली आणि रेघ नेमकी तिथे ओढलेली होती. सातव्या पिढीतल्या बोटांवर मोजण्याइतक्या चिप सोडल्या तर इंटेलच्या आठव्यापासून पुढचेच आत. टीपीएम २.० हवा, तो त्याच्याकडे होता. सिक्युअर बूट हवं, तेही होतं. कुळ, गोत्र, नाडी सगळं जुळलं आणि स्थळ वयावरून फिसकटलं.

‘एका पिढीने हुकलो,’ असं तो अजून सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वडिलोपार्जित जमिनीची गोष्ट चालली आहे.

मग १४ ऑक्टोबर २०२५ आला. वसुबारसेच्या तीन दिवस आधी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियानेही मॅक्सवेल आणि पास्कल घराण्यातल्या ग्राफिक्स कार्डांसाठी नव्या गेमांना जुळवून घेणारे ड्रायव्हर काढणं थांबवलं. यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. त्याचं ९४०एमएक्स मॅक्सवेलचंच. घरात फराळाची भाजणी चालली होती आणि विचाराधीन चेहरा पाडून बसला होता. आईला वाटलं, बोनस कापला.

सल्लागारांची वाण नाही. भाचा म्हणतो, ‘मामा, रुफसने पेनड्राइव्ह बनव, तपासणीच उडवून टाक.’ हे होतं, हजारोंनी केलंय. पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत का, हे स्वतः पाहतो; नसतील तर दारातून परत. ऑफिसातला एक लिनक्सवाला जेवणाच्या डब्यावर प्रवचन देतो: २०१८ पासून स्टीममध्ये प्रोटॉन आहे, विंडोजचे गेम त्यावर चालतात, स्टीम डेक सगळा लिनक्सवरच. हेही खरं. फक्त भाच्याबरोबर खेळायचं असतं ते व्हॅलोरंट तिथे चालत नाही, हे तो लोणचं संपल्यावर सांगतो.

मूळ प्रश्न असा, की विंडोज बदलल्याने या लॅपटॉपवर गेम जोरात पळेल का? त्याचं उत्तर लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात, दोन मोबाईलच्या कव्हरवाल्यांच्या मध्ये बसणाऱ्या कारागिराने तीन मिनिटांत दिलं. विचाराधीन दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून, लॅपटॉप बाळासारखा छातीशी धरून गेला होता. कारागिराने मागचे स्क्रू काढून झाकणात गोळा केले, पंख्याच्या पात्यांमागून चिमट्याने धुळीचा एक जाड नमदा उचलला आणि टेबलावर ठेवला. आठ वर्षांचा ऐवज. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर फिरवलं.

‘साहेब, विंडोजने गेम पळत नाही. ही हार्डडिस्क बघा, ५४०० ची. सेकंदाला शंभर एमबी देताना हिला धाप लागते. साधी एसएसडी टाका, पाचशे देईल. आठची रॅम सोळा करा.’

‘पण विंडोज ११ चं काय?’

‘ते तुम्ही ठरवा.’

इथेच घोळ झाला. ‘तुम्ही ठरवा’ हे शब्द या माणसापुढे उच्चारू नयेत.

कारागिराचं एकूण बरोबर होतं. गेम सुरू व्हायला लागणारा वेळ एसएसडीने घटतो. खेळतानाचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात, आणि ते दोन्ही लॅपटॉपच्या पाटीला डकवलेले, बदलता येत नाहीत. विंडोज ११ मधल्या मेमरी इंटिग्रिटीसारख्या सुरक्षेने काही मशिनवर गेमचा वेग उलट कमी होतो. ती बंद कशी करायची हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेमरांना सांगितलं. नवं विंडोज घ्यायचं ते सुरक्षेसाठी, वेगासाठी नव्हे. हे विचाराधीनला पटलं. पटल्यावर त्याने एसएसडीच्या कंपन्यांची तुलना करणारी एक्सेल शीट उघडली, तिला अकरा रकाने केले, आणि अकरावा भरेपर्यंत २०२५ संपत आलं. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली होती आणि रॅमचे भाव भडकले होते. आता भाव उतरायची वाट बघणं आलं.

तोवर लॅपटॉप थंड ठेवायचा घरगुती बंदोबस्त आहे: तो वांगं भाजायच्या जाळीवर ठेवलेला असतो. काउंटर-स्ट्राइक २ च्या ऐन चकमकीत स्वयंपाकघरातून हाक येते, ‘अरे, जाळी दे, भरीत करायचंय.’ या गेमला ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा लागते. कागदावर तो काठावर पास आहे. प्रत्यक्षात धुराचा बॉम्ब फुटला की पडदा गोठतो, आणि सुटतो तेव्हा विचाराधीन मेलेला असतो. मग तो निमूटपणे क्रिकेट ०७ लावतो. २००६ साली आलेला हा गेम कुठल्याही पिढीची चौकशी करत नाही.

मायक्रोसॉफ्टने सामान्य ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली, आणि ती घ्यायचे तीन मार्ग ठेवले: सेटिंग्ज क्लाउडशी जोडा, नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर तीस डॉलर भरा. या तिन्हींचा अभ्यास करण्यात त्याचे सात आठवडे गेले. शेवटी एका दुपारी भाच्याने त्याच्या हातून माऊस घेतला आणि पहिला पर्याय दाबून टाकला.

म्हणजे आता वर्षभराची निश्चिंती. पुढचं काय, असं विचारलं तर विचाराधीन म्हणतो, या वेळी अजिबात घोळ घालणार नाही, दसऱ्याच्या मुहूर्तावर सोक्षमोक्ष. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे.