लगेच या, सावकाश जा

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची जाहिरात आहे. जावा येणारा हवा, क्लाउड येणारा हवा, सहा ते नऊ वर्षांचा अनुभव हवा, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात हवा. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: 'फक्त इमिजिएट जॉइनर. नोटीस पिरियड १५ दिवसांपेक्षा जास्त असल्यास कृपया अर्ज करू नये.' याच कंपनीचं नेमणूकपत्र म्हणतं, की कर्मचाऱ्याला नोकरी सोडायची झाल्यास ९० दिवसांची नोटीस द्यावी लागेल. जाहिरात आणि नेमणूकपत्र एकाच एचआरच्या ईमेलवरून निघतात. बहुधा एकाच दुपारी, जेवणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

आता यातून निघतं ते एवढंच, की या कंपनीला स्वतःच्या कंपनीतला माणूस चालणार नाही. उद्या इथल्याच कुणी इथल्याच जागेसाठी बाहेरून अर्ज केला, तर तो पहिल्या चाळणीतच गळेल. आणि ही काही एकटी विक्षिप्त कंपनी नव्हे. हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये, खराडीत, मगरपट्ट्यात फिरून या. जाणाऱ्याला तीन महिने बसवून ठेवणारे आणि येणाऱ्याला सोमवारी सकाळी साडेनऊला बोलावणारे एकाच मजल्यावर, एकाच कॉफी मशीनसमोर रांगेत उभे दिसतील.

९० दिवस कशाला हवेत? केटीला. म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्यानं येणाऱ्याला काम समजावून द्यायचं. मग येणारा कुठंय? येणारा खराडीला आहे. त्यानंही राजीनामा टाकलाय आणि तोही तिथं ९० दिवस आपल्या जागी येणाऱ्याची वाट बघत बसलाय. त्याच्या जागी येणारा हैदराबादेत नोटीसवर आहे, हैदराबादवाल्याच्या जागी येणारा बंगळुरूत नोटीसवर आहे, आणि बंगळुरूवाल्याच्या जागी ज्याला घेतलंय तो म्हणजे आपला हिंजवडीतला पहिलाच. तो इथून सुटल्याशिवाय बंगळुरूवाला सुटत नाही, बंगळुरूवाला सुटल्याशिवाय हैदराबादवाला सुटत नाही, आणि खराडीवाला आल्याशिवाय हा सुटत नाही. तोवर चौघंही आपापल्या ऑफिसात एसीत बसून कोणाला तरी ज्ञान देतायत. ऐकायला कुणी नाही, म्हणून रेकॉर्डिंग करतात. 'केटी सेशन ७, भाग २' अशा नावाच्या फायली शेअर्ड फोल्डरमध्ये साठत जातात. त्यात पंचावन्न मिनिटं एक माणूस रिकाम्या मीटिंगला विचारतो, 'माझी स्क्रीन दिसतेय ना सगळ्यांना?' सोबत एक एक्सेल असते, 'केटी ट्रॅकर' नावाची. तिच्यात प्रत्येक ओळीपुढे हिरवा रंग भरायचा, मॅनेजरनं खाली 'ओके' लिहायचं. मॅनेजरही मनानं गेलेलाच असतो. राजीनाम्यानंतर पहिले दहा दिवस तो मनधरणी करतो, काउंटर ऑफर आणतो, 'तुझ्या प्रमोशनचं मी बोलणारच होतो' म्हणतो. मग रुसतो. जाणारच आहे म्हणून मीटिंगांतून नाव काढतो, काम काढून घेतो, सर्व्हरचा अॅक्सेस काढतो. तिसाव्या दिवशी त्या माणसाकडे खुर्ची, आयकार्ड आणि कॅन्टीनचा पास एवढंच उरतं. 'मग लवकर सोडा ना' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'नाही रे, प्रोजेक्ट क्रिटिकल आहे.'

मग इमिजिएट जॉइनर नावाचा प्राणी येतो कुठून? आमचा एक भाचा बाणेरला राहतो आणि याच जंगलात हिंडतो. त्याचा परवा फोन आला.

'मामा, राजीनामा देऊन टाकू का?'

'दुसरी ऑफर आली?'

'छे. राजीनामा दिल्याशिवाय ऑफर येत नाही.'

'आणि राजीनामा देऊनही नाही आली तर?'

'तर मी इमिजिएट जॉइनर होईन ना!'

त्याचं गणित बरोबर आहे. चुकलंय ते पुढचं पान. कारण हा पठ्ठ्या खरोखरच हातात काही नसताना नोकरी सोडून बसला, तर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो: 'ऑफर नसताना सोडलीत? काही प्रॉब्लेम झाला होता का?' कंपनीनंच काढलं असेल, तर आवाज आणखी हलका होतो आणि 'गॅप' हा शब्द एखाद्या आजारासारखा उच्चारला जातो. म्हणजे उद्या येऊ शकणारा माणूस हवा, पण तो आज रिकामा नको. हे जमवू शकतो असा एकच जण: जो नोटीसच्या शेवटच्या पंधरवड्यात आहे. आणि जो शेवटच्या पंधरवड्यात आहे, त्याच्या खिशात दुसऱ्या कुणाची तरी ऑफर आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला ओढायचं म्हणजे त्यानं आधी दिलेला शब्द मोडायचा. म्हणून तर रिक्रूटरच्या त्या कुप्रसिद्ध तक्त्यात 'एलडब्ल्यूडी' हा रकाना असतो. लास्ट वर्किंग डे. त्याला लागूनच दुसरा रकाना: 'एनी ऑफर इन हँड?' हो म्हणा, म्हणजे माल चांगला आहे. नाही म्हणा, म्हणजे काहीतरी खोट आहे.

(या तक्त्याबद्दल मला स्वतंत्र लेख लिहायचाय. रेझ्युमे जोडलेला असतो, त्यात सगळं असतं, तरी टोटल एक्सपिरियन्स, रिलेव्हंट एक्सपिरियन्स, करंट सीटीसी, एक्सपेक्टेड सीटीसी पुन्हा भरून मागतात. दहा मिनिटांनी फोन येतो, आणि तीच बाई तेच सगळं तोंडी विचारते. तोंडी सांगितलेलं ती कुठंतरी टाइप करत असते, त्याचा आवाज येतो. असो.)

तर मग पोरं काय करतात? एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तशी ऑफर टाकून ठेवतात. तीन गाड्यांत तीन रुमाल. जी आधी सुटेल, जिच्यात खिडकी मिळेल, तिच्यात चढायचं. उरलेल्या दोन कंपन्यांत सोमवारी सकाळी स्वागताची किट तयार असते: बाटली, मग, डायरी, एल साइजचा टीशर्ट. साडेनऊ वाजतात, अकरा वाजतात, आणि फोन 'नॉट रीचेबल' लागतो. संध्याकाळपर्यंत त्या एचआर प्रमुखांची पोस्ट व्यावसायिक समाजमाध्यमांवर झळकते. एका ओळीत एक वाक्य. मधे रिकामी ओळ. पुन्हा एक वाक्य. 'आज एका उमेदवारानं आम्हाला शिकवलं.' रिकामी ओळ. 'त्यानं फोनही उचलला नाही.' रिकामी ओळ. 'एथिक्स कुठं गेले?' खाली चारशे जण 'सहमत, सर' म्हणतात. आणि त्या चारशेंत तो दुसरा एचआर प्रमुखही असतो, ज्याच्याकडे त्याच सकाळी हाच उमेदवार हाच टीशर्ट घालून फोटोला उभा राहिलाय.

अहो साहेब, एथिक्स कुठं गेले ते मी सांगतो. तुमच्या जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत गेले. १५ दिवसांत येऊ शकेल असाच माणूस हवा असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे आधीच्या कंपनीला दिलेला शब्द मोडणारा माणूस हवा असं लिहिलंत. तो आला. सवय घेऊन आला. आता गळा काढू नका.

इथवर विनोद ठीक होता. पण त्या नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम पूर्ण वाचा, मग तुमचंही डोकं फिरेल. दोन्ही पक्षांना ९० दिवस, असं मोठ्या उदारपणे सुरू होतं. आणि शेवटी एक शेपूट: नोटीसऐवजी पैसे स्वीकारायचे की नाहीत, हे कंपनी 'स्वतःच्या मर्जीनुसार' ठरवील. म्हणजे कंपनीला माणूस नको झाला, तर तीन महिन्यांचा पगार तोंडावर मारून दुपारी चारला लॅपटॉप बंद. बहुतेक वेळा तेवढंही नाही. एका छोट्या खोलीत बसवून 'स्वतःहून राजीनामा' लिहून घेतात, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ. आणि माणसाला कंपनी नको झाली, तर पैसे मोजायची तयारी असली तरी सुटका नाही, कारण मर्जी एकाच बाजूची आहे. २०२१-२२ मध्ये मोठ्या मोठ्या कंपन्यांतून वर्षाला शंभरातले वीसहून जास्त लोक सोडून जायला लागले, तेव्हा हे कुलूप आणखी घट्ट झालं. चालेल. पण त्याच सुमारास कॉलेजात कॅम्पसमधून निवडलेल्या पोरांना ऑफर लेटरं देऊन ठेवली होती, त्यांचं काय झालं? २०२२ साली पास झालेल्या कितीतरी पोरांना जॉइनिंगची तारीख मिळायला वर्ष गेलं, काहींना दोन वर्षं लागली. घरी पेढे वाटून झालेले. रोज सकाळी मेल उघडून बघायचा. नातेवाईक विचारायचे, 'काय रे, कधी लागतोयस?' त्यांना कुणी ९० दिवसांची नोटीस दिली? त्यांच्या वेळी कुणाच्या एथिक्सवर पोस्ट पडली? तेव्हा 'बिझनेस रिक्वायरमेंट' होती. कंपनी दोन वर्षं उशिरा आली की ती बाजाराची परिस्थिती, आणि पोरगा तीन महिन्यांतून एक महिना कमी बसला की तो बेइमान!

याहून मजा हवी असेल तर जीएसटीची घ्या. नोटीस पूर्ण न करता जाणाऱ्याकडून कंपनी जी रक्कम कापते, तिच्यावर जीएसटी लागतो का, हा या देशात खराखुरा वाद होता. २०१७ च्या कायद्यात एखादी गोष्ट 'सहन करायला' कबूल होणं हीसुद्धा सेवा धरलीय. कर्मचारी निघून चाललाय, कंपनी बिचारी ते सहन करतेय, म्हणजे कंपनीनं त्याला सेवा पुरवली. सेवा म्हटली की १८ टक्के आलेच. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारी परिपत्रक निघालं, की बाबांनो, माणसाला जाऊ देणं ही करपात्र सेवा नाही. तोवर भल्या भल्या सल्लागारांची या सहनशीलतेवर पानंच्या पानं लिहून झाली होती.

वास्तविक कोणतंही कोर्ट कुणाला एखाद्याची चाकरी करायला बसवू शकत नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टनुसार वैयक्तिक सेवेचा करार सक्तीनं पाळायला लावता येत नाही. फार तर भरपाई मागता येते. पण कोर्टाला जमत नाही ते एका कागदाला जमतं. रिलीव्हिंग लेटर! ते हातात नसेल तर पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडतं. पीएफच्या यूएएनवर तारखा जुळल्या नाहीत की मेल येतो, 'कृपया तफावत स्पष्ट करावी.' आठ वर्षं रात्री दोनपर्यंत कॉलवर बसलेला माणूस या एका पानासाठी लाचार होतो. गंमत म्हणजे आपली कंपनी ज्या अमेरिकन क्लायंटचं काम करते, तिथला माणूस दोन आठवडे आधी सांगून निघून जातो. तसं सांगायचंही बंधन बहुतेकांवर नसतं, रिवाज म्हणून सांगतात. ज्याची बँक आहे, ज्याचे पैसे आहेत, ज्यानं ती सिस्टिम डोक्यातून काढली, त्याची केटी चौदा दिवसांत होते. आणि त्या सिस्टिममधल्या तिसऱ्या पानावरच्या बटणाचा रंग जो पुण्यात बसून सांभाळतो, त्याच्या डोक्यातलं ज्ञान उतरवून घ्यायला नव्वद.

भाच्यानं शेवटी राजीनामा दिलाच, आणि ९० च्या ९० दिवस काढले. शेवटच्या संध्याकाळी लॅपटॉप जमा करायच्या आधी एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म भरायचा होता, ऑनलाइन. मॅनेजर कसा होता, कॅन्टीन कसं होतं, परत यायला आवडेल का. एकाही प्रश्नाला बगल देता येत नाही, सगळ्यांपुढे लाल तारा. अकरावा प्रश्न होता: 'नोटीस पिरियडचा कालावधी तुम्हाला कसा वाटला?' समोर निवडायला दोनच गोल होते. एक 'पुरेसा', दुसरा 'कमी पडला'.