जाळरेषा काढायला येऊ नये, ही नम्र विनंती

मा. सीएसआर प्रमुख साहेब,
(कंपनीचं नाव लिहीत नाही, फ्लेक्सवर ते दरवर्षी पुरेसं मोठं असतं.)
हिंजवडी, पुणे.



आपल्या जुलैच्या वृक्षारोपणाला फ्लेक्स, टोप्या, टी-शर्ट, रोपं आणि गरम पोहे पुरवणारा मी मुळशीकडचा एक लहान धंदेवाला. आपले कर्मचारी यंदा जानेवारीत, तेही सुट्टीच्या दिवशी, आमच्या डोंगरावर जाळरेषा काढायला येणार असं कानावर आलं आणि पोटात गोळाच आला.

साहेब, चाललंय त्यात वाईट काय आहे? जुलैत आपण येता. खड्डे आमची माणसं आदल्या दिवशीच खणून ठेवतात. एकेका रोपाला सहा-सहा हात लागतात, फोटो होतात, पोहे होतात आणि जेवणाच्या वेळेला बस परत. दिवाळीनंतर गवत वाळतं. होळीच्या आगेमागे कुणी विडीचं थोटूक टाकतो, कुणी ‘जाळलं की पुढचं गवत जोमानं येतं’ म्हणून मुद्दाम काडी लावतो, कुणाच्या भाताच्या राबाची आग बांध ओलांडते. चढावर तर आग माणसाला गाठू देत नाही. सकाळी बघावं तर डोंगर काळा. रोपं गेली की जागा मोकळी. पुढच्या जुलैला तोच डोंगर, तेच खड्डे, फ्लेक्स तेवढा नवा. शाश्वत विकास म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

आणि जाळरेषेत आहे काय? विळ्यानं गवताचा पट्टा कापायचा, कापलेलं ओढून गोळा करायचं आणि वारा पडलेला बघून, वनखात्याची माणसं उभी असताना, तो पट्टा आपणच जाळून टाकायचा. म्हणजे पुढं वणवा तिथवर आला तरी त्याला खायला काही उरत नाही. कुसळं मोज्यात शिरतात ती घरी जाईस्तोवर टोचतात. बरं, फोटो कशाचा काढणार? करपलेल्या पट्ट्यात साहेबांना उभं करायचं? आणि काम फत्ते झालं तर मे महिन्यात दाखवायला काय, तर न जळलेला डोंगर! ‘यंदा काहीही घडलं नाही’ असं वार्षिक अहवालात छापायला कुठले संचालक तयार होतील?

हिशेबाचंही बघा. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले 2 टक्के आपल्याला खर्चायचे असतात. पण कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाची किंमत लावून ती त्यात धरता येणार नाही, असा खुलासा सरकारनं 2016 मध्येच केलाय. म्हणजे आपल्या टीम लीडरनं दिवसभर विळा चालवला तरी खात्यावर शून्य. माझं कसं, टोपीपासून पोह्यांपर्यंत सगळ्याचं पक्कं बिल!

गावकऱ्यांची गोष्ट निराळी. जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी वणव्याची वर्दी द्यायची आणि विझवायलाही हातभार लावायचा, असं 1927च्या भारतीय वन अधिनियमात कलम 79 खाली लिहूनच ठेवलंय. हल्ली उपग्रहाला आग दिसते, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेशही येतो. पण ओली फांदी घेऊन ती झोडपायला माणूस पायीच चढतो, आमच्याकडं बहुतेक स्लिपरवर. आपल्या लोकांवर असली काही सक्ती नसताना ही हौस कशाला?

या हौसेचं मूळ मला ठाऊक आहे. मागच्या मार्चात आपल्या टेस्टिंग विभागातली एक मुलगी गावातल्या पोरांबरोबर रात्री वर गेली होती. पहाटे उतरली ती भुवयांपर्यंत काळी होऊन. टपरीवर चहा घेताना मला म्हणाली, “काका, आपण जुलैत लावलेली झाडं नक्की कुठं होती?” झाडं कुठून दाखवू? खड्डे दाखवले. तेव्हापासून तुमच्याकडं मेलामेली सुरू झाली म्हणे. एका चहात माझा धंदा बसायची वेळ आली, साहेब. तिची बदली बेंगळुरूला करता आली तर पाहावं.

आपला कृपाभिलाषी,
फ्लेक्सवाला

ता. क. तरीही येणारच असाल तर मी दिलेले टी-शर्ट घालून कुणी येऊ नये. ते पॉलिस्टरचे आहेत. ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतील. पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे आणि घोटा झाकणारे बूट हवेत. पाणी प्रत्येकानं आपापलं आणावं, वर टिपूस नाही. विळ्यांचं गावात सांगून ठेवलंय, धार लावून मिळतील. पोहे किती जणांचे धरू, ते तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.