बदलीकर

राष्ट्रीयीकृत बँकेत प्रमोशनचे पेढे आणि बदलीची ऑर्डर यांच्यात फार अंतर नसतं. पेढ्यांचा रिकामा खोका अजून फ्रिजवर असतो, तोवर ‘झोन : चेन्नई’ अशी मेल येऊन पडते. हे ज्यांना आधीपासून कळलेलं असतं ते शहाणे लोक स्केल टूवरच रिटायर होतात. मुलांची दहावी, आईचे गुडघे, बायकोची नोकरी ही कारणं त्यांना दर वर्षी नेमकी प्रमोशनच्या परीक्षेआधी आठवतात. पण एखाद्याला बायको म्हणते, “अहो, बसा ना एकदा. बसायला काय जातंय!” तो बसतो, पास होतो, आणि जगात आणखी एक बदलीकर जन्माला येतो.

खरं आडनाव जोशी असो, शिंदे असो की कांबळे, ऑर्डर हातात पडली की माणसाचा बदलीकर होतो. मी बँकेच्या तपासणी खात्यात होतो. गावोगावच्या शाखांची दप्तरं उलटीपालटी करणं हा माझा धंदा, त्यामुळे बदलीकर मी पुष्कळ पाहिले. सिलिगुडीत पाहिले, भुवनेश्वरला पाहिले, एर्नाकुलमला पाहिले. चेहरे वेगळे, खोली मात्र एकच. एक गादी, एक प्लास्टिकची खुर्ची, एक इंडक्शनची शेगडी, खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर वाळणारे दोन शर्ट, आणि कोपऱ्यात पूर्ण न उपसलेली बॅग. दुसरी खुर्ची का घेत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “कशाला? दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.” पाहुणा आला की त्याला खुर्ची देऊन बदलीकर गादीवर बसतो. दोन पाहुणे आले तर त्यातल्या एकाला बाल्कनी दाखवायला नेतो.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडले ते तंजावरचे बदलीकर. पुण्याचे. वय चोपन्न, मधुमेहाची गोळी सकाळ-संध्याकाळ, मुलीसाठी स्थळं बघणं चालू. तंजावरात घर शोधायला निघाले तेव्हा मालकानं दोनच प्रश्न विचारले : व्हेजिटेरियन का, आणि फॅमिली का. पहिल्यात हे पास झाले. दुसऱ्यावर “फॅमिली पुण्यात” असं म्हणाले, तर मालकानं शांतपणे ‘बॅचलर’ असं लिहून घेतलं आणि रात्री दहानंतर मित्रांना आणायचं नाही अशी ताकीद दिली. बदलीकरांना त्या गावात एकही मित्र नव्हता. तरी ही अट त्यांनी मनाला लावून घेतली. मला फोनवर म्हणाले, “पुण्यात आपल्याला कोण असं बोललं असतं?”

त्यांची शाखा म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातली भाताची शाखा. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायची तिकडे प्रथा आहे. पाणी कालव्यात आलं की कुरुवै भाताची लावणी, आणि लावणीच्या खर्चासाठी त्याआधीच बँकेच्या दारात बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा, डब्यात दागिने. सोनं तिजोरीत जायचं, पीक निघालं की परत गळ्यात. या सोनेतारणाच्या धंद्यात बुडीत जवळजवळ नाही, पण बदलीकरांची पंचाईत वेगळीच होती. तिकडे सोनं पवनात मोजतात. पवन आठ ग्रॅमचं. यांचं डोकं चालायचं दहा ग्रॅमच्या तोळ्यात. समोरच्या बाईनं “अंजु पवन” म्हणून पाच बोटं दाखवली की हे मनातल्या मनात चार तोळे करायचे, चार तोळ्यांवरून त्यांना मुलीच्या लग्नात घालायच्या पाटल्या आठवायच्या, पाटल्यांवरून आजचा भाव, आणि कॅल्क्युलेटरवर जो आकडा उमटायचा तो पवनाचाही नसायचा आणि तोळ्याचाही नसायचा. मग हेड कॅशियर अलगद पुढे व्हायचे, आकडा पुसायचे आणि बरोबर आकडा लिहायचे. एक शब्द न बोलता.

या हेड कॅशियरना सगळी शाखा रावसार म्हणायची. तिजोरीच्या किल्ल्या जॉइंट कस्टडीत, म्हणजे एक मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे. एकाला वगळून दुसऱ्याला तिजोरी उघडता येत नाही. त्यामुळे सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी कॅश बंद करताना हे दोघं रोज तिजोरीच्या दारात खांद्याला खांदा लावून उभे. बदलीकर हिंदीतून बोलायचे, रावसार इंग्रजीतून उत्तर द्यायचे, तिजोरी दोघांचंही ऐकायची.

रविवारी बदलीकर बृहदीश्वराला जायचे. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पुरं केलेलं देऊळ. साठ मीटरहून उंच दगडी शिखर. जगभरातून माणसं येतात, माना मागे टाकून वर बघतात. बदलीकर त्या शिखराकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहायचे. कारण भिंतीवर देवनागरीत कोरलेला मराठी लेख आहे. १८०३ सालचा, सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला, भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास. कुणीही मराठी पाहुणा आला की त्याची या भिंतीपुढे अर्धा तास हजेरी. मीही लावली. भर दुपारी, अनवाणी, तापलेल्या फरशीवर पाय आलटूनपालटून उचलत आम्ही शहाजीराजांपासून सुरुवात केली. व्यंकोजी येईस्तोवर माझे तळवे भाजले होते. बदलीकरांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. ते अभिमानाचं की फरशीचं, हे विचारायची सोय नव्हती.

असाच एक रविवार अंगात असताना सोमवारी त्यांनी रावसारना ऐकवलं, “मालूम है क्या आपको? यहाँ हमारा राज था.” रावसार नोटांचं बंडल मोजत होते. त्यांनी बंडल संपवलं, रबरबँड लावला, आणि चक्क मराठीत म्हणाले, “आमचंही होतं, साहेब.”

बदलीकरांच्या हातातली किल्ली खाली पडली.

व्यंकोजींच्या मागोमाग जी मराठी कुटुंबं तंजावरात गेली, कुणी कारभारी, कुणी पुराणिक, कुणी शिलेदार, त्यांचे वंशज अजून तिकडे आहेत. १८५५ मध्ये गादी संपली, माणसं राहिली. घरात मराठी बोलतात. वाक्याला तमिळ हेल, आणि अधूनमधून एखादा असा शब्द की तो आपण पणजीनंतर कुणाच्या तोंडी ऐकलेला नसतो. रावसार त्यांतलेच. “इतके दिवस बोलला का नाहीत?” असं बदलीकरांनी जवळजवळ ओरडूनच विचारलं. रावसार म्हणाले, “तुम्ही हिंदीत विचारत होता.” मला ही हकीकत सांगताना बदलीकरांचा आवाज उतरला होता. ते म्हणाले, “अहो, म्हणजे यांच्या पूर्वजांचीसुद्धा बदलीच झालेली. रिक्वेस्ट मंजूर व्हायची राहून गेली, एवढंच.”

त्या दिवसापासून त्यांना जरा धास्तीच बसली. रात्री फोनवर बायकोला म्हणाले, “माझा बदलीचा अर्ज पुन्हा एकदा बघतेस का? कारण नीट लिहिलंय ना?”

रावसारनी मात्र साहेबांना दत्तकच घेतलं. एका एकादशीला कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला घेऊन गेले. तिथे विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे, आणि तिकडच्या भजनाच्या परंपरेत तुकोबांचे अभंग गातात. वेष्टी नेसलेली, कपाळभर गंध लावलेली तमिळ मंडळी मृदंगावर एकामागून एक अभंग म्हणत होती, पाठांतर खडखडीत. बदलीकर पहिल्या ओळीला सगळ्यांत जोरात होते. दुसऱ्या ओळीला ओठ हलत होते. तिसरीला टाळ्या वाजवण्यावर भर होता. शेजारच्या आजोबांनी आपली वही त्यांच्यापुढे सरकवली, तर ती तमिळ लिपीत. पुण्यातल्या माणसाला देहूच्या संतानं कुंभकोणमात असं उघडं पाडावं, हे काही मला पटलं नाही, पण हसू आवरलं नाही हेही खरं.

देवांच्या बाबतीत त्यांची खरी उलथापालथ झाली ती गणपतीपाशी. आपल्याकडे गणपतीला ऋद्धी-सिद्धी, आणि कार्तिकस्वामी ब्रह्मचारी; इतका कडक की बायकांनी दर्शनाला जायचं नाही. तिकडे नेमकं उलटं. मुरुगनला वल्ली आणि देवसेना अशा दोन बायका, आणि पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, ब्रह्मचारी. प्रत्येक पिंपळाखाली, प्रत्येक कोपऱ्यावर, नदीच्या घाटावर एकटा बसलेला. हे कळल्यावर बदलीकर शाखेच्या कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपुढे थोडा वेळ थबकले. मला म्हणाले, “याचीही फॅमिली पुण्यात आहे.” त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. सकाळी शाखा उघडण्याआधी पाच मिनिटं तिथे.

पण तिथली रीत पाहून ते हबकले होते. लोक डाव्या हातानं उजवा कान, उजव्या हातानं डावा कान धरतात आणि देवापुढे उठाबशा काढतात. तोप्पुकरणम म्हणतात. कलेक्टर कचेरीतला बडा अधिकारीसुद्धा गाडीतून उतरून उठाबशा काढताना बदलीकरांनी पाहिला. आपल्याकडे ही शिक्षा. गणिताचा गृहपाठ न केल्याची. चोपन्नाव्या वर्षी ती भररस्त्यात करायची म्हणजे काय? शिवाय गुडघे. आधी त्यांनी नुसते कान धरले. पुढे रस्त्यावर कुणी नसलं तर एखादी. एनपीएचे आकडे वाढले त्या तिमाहीत संख्याही वाढली.

आता संकष्टीचं सांगतो, कारण ते मी प्रत्यक्ष पाहिलं. तपासणीचं काम उशिरापर्यंत चाललं होतं, म्हणून रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला. तिकडेही संकष्टहर चतुर्थी जोरात असते. संध्याकाळी देवळात अभिषेक, मग पानाच्या द्रोणात गरम सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, आणि एक मोदकाचा भाऊ, कोळुकट्टै. बदलीकरांनी प्रसाद घेतला आणि झाकून गच्चीवर आणला, कारण चंद्र उगवल्याशिवाय उपास सुटत नाही. आम्ही गच्चीवर बसलो. मला खुर्ची. थोड्या वेळानं समोरच्या नारळाच्या झाडामागून चंद्र आला, लालसर, थोडा झिजलेला, पण शंभर टक्के चंद्र. मी म्हटलं, “चला.”

बदलीकर हलले नाहीत. खाली भिंतीवर पुण्याहून आणलेलं कालनिर्णय होतं, आणि त्यावर पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ वहिनींनी लाल पेनानं गोल केलेली होती. तंजावर पुण्याच्या पूर्वेला पाचेक अंशांवर. घड्याळ देशभर एकच, त्यामुळे तिकडे चंद्र साधारण वीसेक मिनिटं आधी वर येतो. ऋतूप्रमाणे थोडं पुढंमागं. हे मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुण्याला फोन लावला.

“उगवला का गं?”

“अजून नाही. वेळ व्हायचीय.”

“इथं पार झाडाच्या वर आलाय.”

“तो तिथला.”

बदलीकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दृष्टीत ‘ऐकलंत?’ एवढंच होतं. आणि आम्ही दोघं, चंद्राच्या लख्ख उजेडात, चंद्र उगवायची वाट पाहत बसलो. सुंडलातलं खोबरं वास सोडायला लागलं होतं. मला उपास नव्हता, पण यजमान उपाशी असताना खाणार कसं? अखेर फोन वाजला. पुण्यात चंद्रोदय झाला होता, ढगामुळे दिसत नव्हता, पण कॅलेंडरप्रमाणे झाला होता. मग तिकडे न दिसलेल्या चंद्राला पाहून इकडे नवरा जेवला.

दर वर्षी बदलीकर रिक्वेस्ट ट्रान्सफरचा अर्ज भरत. दर वर्षी रीजनल ऑफिस ‘विचाराधीन’ म्हणत असे. दरम्यान गोडा मसाला संपला की घरून येई, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चेन्नई सेंट्रलवरून एग्मोर स्टेशनला जाताना रिक्षावाल्यानं कसं फसवलं हे ते तपशिलानं सांगत. कॉफी मात्र त्यांना आवडू लागली होती. ती डबऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतायच्या नादात शर्टावर डाग पडले, ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. खोलीत दुसरी खुर्ची दिसली तेव्हा मी काही बोललो नाही. “रावसार येतात संध्याकाळी,” ते आपणहून म्हणाले.

पुढे माघी गणेशजयंतीला ते रजेवर पुण्याला आले. वहिनींबरोबर सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला गेले. मी योगायोगानं तिथेच होतो. रांग मोठी, हातात नारळ, मागून ढकलाढकल. बदलीकर गाभाऱ्यासमोर पोचले, नारळ वहिनींच्या हाती दिला, आणि दोन्ही हात उलटे करून कान धरून एक, दोन, तीन उठाबशा काढल्या. रांग थबकली. एक लहान मुलगा आईला विचारू लागला की काकांनी काय केलं. वहिनी चार पावलं बाजूला सरकून दुसऱ्याच कुणाच्या तरी वहिनी झाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी चपला घालताघालता दबक्या आवाजात विचारलं, “एवढी कसली माफी मागत होता हो?”

“माफी नाही गं,” बदलीकर गुडघा चोळत म्हणाले, “मार्च क्लोजिंग आलंय.”