रजा आईला, ड्युटी आजीला

नोकरी आणि तान्हं बाळ यांचा मेळ बाई कसा घालते, याचं कौतुक जो तो करतो. मावळात हा मेळ बहुतेक वेळा आजी घालते, आणि तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. प्रसूतिलाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना 12 ऐवजी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. 50 किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असंही सांगितलं. कायदा उत्तम. फक्त तो लिहिणाऱ्यांनी लोणावळा-पुणे लोकल पाहिलेली नसावी. कामशेतहून चिंचवडला कामाला जाणाऱ्या बाईनं पाळणाघराचा हक्क बजावायचा, तर एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दुपटी-बाटल्यांची पिशवी आणि दातांत पास धरून सकाळच्या गर्दीत डब्यात चढायचं. बाळ घरी ठेवलं, तर त्या चार भेटी कागदावरच राहतात. दुपारी मुळात लोकलच मोजक्या. मग उरते आजी.

'आमच्या वेळी कसल्या रजा? पोरं वाढलीच ना?' असं यावर ऐकवलं जातं. वाढली, पण कशी, तेही पाहावं. भातलावणीत आई गुडघाभर चिखलात, बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, वर पावसाला आडोसा म्हणून इरलं. पोर रडलं की चार ढांगांत आई जवळ. भेटी किती झाल्या, हे विचारणारा सुपरवायझर नव्हता. म्हणून ते दिवस सोन्याचे होते, असं मुळीच नाही. ओल्या बाळंतिणीनं भर पावसात वाकून आवण लावणं ही हौस नव्हती, रोज बुडण्याची धास्ती होती. रजेत खाचर नापास. अंतरात मात्र आजच्या कारखान्याला भारी.

खर्च आम्हीच का सोसायचा, हा मालकांचा सवाल खोटा नाही. पुढे तळेगाव दाभाड्यात ज्यांनी बंगला घेतला, त्या डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना या खर्चाचा मोठा भाग सरकारनं उचलावा, असं म्हटलं होतं. 1929 चा कायदा झाला, भार मालकावरच पडला. म्हणून पाळणाघर टाळायचं, तर 49 माणसांवर भरती थांबवणं हा सोपा हिशेब. तेवढ्या माणसांना बाळं होत नसावीत, अशी कायद्याची समजूत दिसते.

राहता राहिले बाबा. केंद्र सरकारी नोकरीत त्यांना 15 दिवस मिळतात. खासगीत मालकाची मर्जी. 15 दिवसांत बारसं उरकतं, आणि दुपटी कुठल्या खणात असतात हे उमगेपर्यंत बाबा कामावर हजर! आजीचे गुडघे दुखतात, तिचीही लावणी खोळंबलेली असते, पण तिनं रजेचा अर्ज करायचा कुणाकडे? लोणावळा-तळेगावच्या नगरपरिषदांनी आणि वडगावच्या नगरपंचायतीनं स्टेशनाजवळ एकेक पाळणाघर काढावं. उघडण्याची वेळ कचेरीच्या घड्याळावर नको, पहिल्या लोकलवर ठरवावी. आणि तिथं आजीलाच बसवायचं असेल, तर पगार देऊन बसवावं.