शंकेची पाल

माझ्या मेव्हण्याच्या फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम एका पालीमुळे अडलं आहे.

हे त्याने फोनवर इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, पाल विजेच्या पेटीत शिरून भडका उडाला असणार. आमच्याकडे डीपीत पाल शिरली की अर्धा वॉर्ड रात्रभर पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. पण मेव्हणा राहतो इंग्लंडात. मूळचा कराडचा, वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेला आणि खालच्या डिव्हिजनमध्ये रुतून बसलेल्या एका गावठी क्लबच्या नादी लागला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी तिथल्या निम्म्या गावांना हे आपल्याबद्दलच आहे असं वाटेल.

"पाल नव्हे हो दाजी, न्यूट."

बाकीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. जुनं मैदान गावाच्या मध्यात, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या गर्दीत. ते बिल्डरला विकायचं आणि त्या पैशांतून बायपासला नवं स्टेडियम बांधायचं. बिल्डर पैसे मोजणार, पण घरं बांधायची परवानगी हातात पडल्यावर. परवानगी मिळणार, पण घालवलेल्या मैदानाच्या तोडीचं दुसरं मैदान दिलंत तर. आणि दुसरं मैदान होणार बिल्डरचे पैसे आल्यावर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. आपल्या आज्यांनी एका दमात सांगून टाकलेली ही गोष्ट इंग्रजीत मांडायला तिथे सल्लागारांच्या तीन कंपन्या लागल्या आणि तिघींनीही बिलं पाठवली.

अकरा वर्षं हे चाललंय. फुटबॉलचं मैदान असतं १०५ मीटर बाय ६८, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम सत्तर गुंठे. सत्तर गुंठ्यांसाठी आपल्याकडे भाऊ भावाशी तीन पिढ्या बोलत नाहीत हे खरं, पण निदान कोर्टात तारीख तरी मिळते. मेव्हण्याला 'लवकरच' मिळतं. मागच्या वर्षी मी त्याच्याबरोबर एक सामना बघून आलो. त्याची सीट लोखंडी खांबाच्या मागे आहे. खांबाच्या डावीकडे एक गोल दिसतो, उजवीकडे दुसरा, मधला खेळ अंदाजाने समजून घ्यायचा. ती सीट बदलून का घेत नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "आता पुढच्या सीझनला तिकडेच जायचंय, मग कशाला?" हे त्याने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याची मुलगी बालवाडीत होती. ती आता गाडी शिकते आहे.

तर, पाल. बायपासच्या त्या शेतात एक डबकं आहे आणि डबक्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट असल्याचा संशय आहे. बेडकाच्या भाऊबंदांपैकी हा प्राणी, दिसतो मात्र पालीसारखा. नावात ग्रेट, लांबी वीतभरही नाही. वसंतात नराच्या पाठीवर तुरा उगवतो आणि तो लग्नातल्या करवल्यासारखा डबकंभर मिरवतो. पोट नारिंगी, त्यावर काळे डाग, आणि प्रत्येकाच्या पोटावरची नक्षी वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. म्हणजे आधार कार्ड जन्मतःच पोटावर छापलेलं. आपली पाल चुकचुकते, त्यामुळे शंका आली हे चारचौघांना कळतं तरी. ही बिनआवाजाची शंका. १९८१च्या कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि ते असावं, याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण पुढे आहे.

ही पाल आहे की नाही हे ठरवायला पाहणी लागते, आणि पाहणी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच करता येते, कारण तेव्हाच ती पाण्यात असते. आपल्या क्लबने पाहणीसाठी माणूस कधी नेमला? जुलैत. पुढच्या वर्षी वेळेत नेमला, तर त्याचं आधीचं बिल थकलेलं म्हणून तो आला नाही. यंदा आला. रात्री बॅटरी घेऊन डबक्याभोवती हिंडला, पाण्यात बाटल्यांचे सापळे लावले, पाणवनस्पतींची पानं उलगडून बघितली, कारण मादी एकेक अंडं पानात घडी घालून ठेवते, विडा लावावा तसं. त्याच आठवड्यांत क्लब खालून दुसरा होता आणि आणखी खाली घसरणार की नाही याचा निकाल लागायचा होता, पण मेव्हण्याच्या ग्रुपवर सामन्यांची चर्चा नव्हती. 'आज किती दिसल्या?' 'दोन.' 'नर की मादी?' 'तुरा होता म्हणे.' पाहुण्या संघाचे प्रेक्षक फुगवायच्या रबरी पाली घेऊन यायला लागले. गोल खाल्ला की पाचशे हिरव्या पाली हवेत. मेव्हण्याच्या शेजारचे आजोबा, थर्मासमधला चहा पीत, साठ वर्षांचा निष्ठावंत माणूस, एकदा एवढंच म्हणाले की पालीची संरक्षणफळी आपल्यापेक्षा बरी आहे.

यावर उपाय नाही असंही नाही. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत आता सोय आहे: बिल्डरने एकरकमी पैसे भरायचे, त्यातून न्यूटसाठी दुसरीकडे तळी खणली जातात, रात्रीची बॅटरी वाचते. पण पैसे भरायचे म्हणजे पैसे पाहिजेत. पैसे जमीन विकल्यावर येणार. पुढचं तुम्ही म्हणा, मी टाळ वाजवतो.

पाल सापडली आणि हलवायचीच ठरली तर काय करतात, तेही मेव्हण्याने मोठ्या अभिमानाने ऐकवलं. लायसन्स काढावं लागतं. आधी नवं तळं खणायचं. त्यात वनस्पती रुजवायच्या. थंडीत दडायला काठाला दगड आणि ओंडके रचायचे. ते घर राहण्याजोगं झालं की मग जुन्या डबक्याभोवती गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं कुंपण घालायचं, कुंपणाच्या कडेने जमिनीत बादल्या पुरायच्या आणि रोज सकाळी बादलीत पडलेल्या पाली हातमोजे घालून, मोजून, अलगद नव्या घरी पोचवायच्या. हे सगळं झाल्याशिवाय जुन्या डबक्यात फावडं पडत नाही. मी हसत होतो. मग हसता हसता काहीतरी घशात अडकलं. आधी पुनर्वसन, मग धरण! ही घोषणा देऊन देऊन आपल्याकडे माणसांचे घसे बसले, मोर्चे निघाले, पाय सुजले. या मेव्हण्याचं, म्हणजे माझ्या बायकोचं, आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. त्या लोकांना कुणी पानं उलगडून मोजलं नाही. कुणी रायगडात गेलं, कुणी ठाण्याकडे, कुणी नुसतंच वर डोंगरात सरकलं. धरण भरलं, त्याच्या विजेवर दूरदूरची शहरं उजळली, आणि त्यांची नातवंडं अजून कागदांची पिशवी काखोटीला मारून कचेरीच्या बाकावर बसलेली असतात. त्यांच्यासाठी काठाला दगड-ओंडके कुणी रचले? आणि हा गाढव मला कौतुकाने सांगतोय की पालीला आधी घर देतात, आणि स्वतः अकरा वर्षं खांबामागे बसलाय, पुढचं घर कुठे आहे याचा पत्ता नसताना! त्याचं जुनं मैदान तर क्लबचंही उरलेलं नाही. मालकाने ते केव्हाच आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर केलं; क्लब तिथे भाडेकरू आहे आणि भाडं मालकाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. वाटेत खिशाला भोक पडतं, ते बुजवायला तिकिटाचे दर वाढतात. मी त्याला आपला कूळकायदा समजावून सांगितला. कसेल त्याची जमीन, १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे जो कसत होता तो मालक झाला. तू वीस वर्षं तिथे दर शनिवारी घसा कसतोयस, लाव नाव सातबाराला! तो म्हणाला, "दाजी, एक एप्रिलला इकडे वेगळं काहीतरी असतं."

असो. रागवायचा अधिकार मला तरी कुठे आहे? आमच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. 'चालू' हा शब्द बिल्डरचा. आम्ही सह्या केल्या, खोल्या रिकाम्या केल्या, इमारत तीन आठवड्यांत पाडली. या देशात पाडायच्या कामाला कधी उशीर होत नाही. अकरा महिने भाडं आलं, मग बंद झालं. विचारायला गेलो की ऐकायला मिळतं, पलीकडचा प्लॉट विकला की पैसे येतील. पलीकडचा प्लॉट का विकला जात नाही? आमची इमारत उभी राहिली की त्याला भाव येणार. आमच्या माहितीपत्रकातही तळं आहे, दोन बदकांसह. जागेवर मात्र तीन वर्षं खड्डा आहे.

फोन झाला त्या रात्री मला झोप लागेना. पाऊस थांबला होता. बॅटरी घेतली आणि त्या खड्ड्याशी गेलो. पाणी साचलेलं होतं, कडेला गवत वाढलेलं. आमच्या इमारतीला नाही, निदान या खड्ड्याला तरी एखादा कायदा लागू होतो का बघावं, म्हणून मी वाकून पानं उलगडायला लागलो. बेडूक भरपूर होते. त्यांना कायद्याने कुणी विचारत असेल असं वाटलं नाही. तेवढ्यात वॉचमन आला.

"काय हरवलं का, काका?"

"पाल शोधतोय."

तो जराही चकित झाला नाही. या खड्ड्यापाशी येऊन काय काय शोधणारी माणसं त्याने पाहिली असतील.

"पाल हितं न्हाय. ती साहेबांच्या एसीच्या केबिनमध्ये हाय, ट्यूबलाइटच्या मागं. तिनं अंडी घातल्यात. साहेब म्हणाले, हलवू नका."