डग्गा हरवलेले काका

डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगरपासून ठाण्याच्या नौपाड्यापर्यंत, ज्या इमारतींना अजून लिफ्ट लागलेली नाही तिथे कुठल्या ना कुठल्या मजल्यावर हे काका राहतात. खूण सोपी आहे. हॉलमध्ये टीव्हीपेक्षा जास्त जागा अडवणारे दोन लाकडी स्पीकर, त्यांवर काकूंनी विणलेले क्रोशाचे रुमाल, आणि रुमालांवर काहीही ठेवायला बंदी. फुलदाणीसुद्धा नाही. "थरथरते," काका सांगतात. हल्ली काहीच थरथरत नाही, हेच त्यांचं दुःख.

पाहुण्याच्या हातात चहा पडायच्या आत भीमसेनांची अभंगवाणी लागते. "ऐका. हा पखवाज आहे? खोकं बडवतंय कोणीतरी!" पाहुण्याला सगळं छान ऐकू येत असतं, पण तसं बोलून दाखवतो तो नवखा. जुने पाहुणे खिन्नपणे मान हलवून बिस्किट घेतात.

काकूंचं निदान तीन शब्दांचं आहे: "अहो, कान तपासा." काका उसळतात, आणि इथे शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं, खालच्या नाही. "कान गेले असते तर टाळ गेले असते, पखवाज नाही!" टाळ ऐकू येतात का, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

पहिला संशय खाडीच्या हवेवर. त्यात तथ्य आहे. वूफरच्या कोनाभोवती फोमची कडी असते. दमट हवेत ती १५-२० वर्षांत कुजते, बोट लावलं की भुगा होतो. मग कोन नीट हलत नाही, खर्ज जातो आणि फरफर तेवढी उरते. काकांनी ती कडी बदलून आणली आहे. लोकलनं दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पुढे चालत लॅमिंग्टन रोड. चौथ्या सीटवर अर्धे काका आणि अख्खा वूफर बसून गेले.

मग संशय हॉलवर आला. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब. काकांचा हॉल तेवढा नाही. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटांमुळे खर्ज एका जागी दाटतो, दुसरीकडे गायब होतो. काका खडूनं फरशीवर खुणा करत फिरले. सगळ्यात चांगला पखवाज स्वयंपाकघरात, ओट्यापाशी ऐकू येतो असं निघालं. "मग इथेच उभे राहा," काकू म्हणाल्या, "आणि पोळ्या लाटा."

खरं तर डग्गा गेला दिवाळीआधीच्या रंगकामात. सामान हलवताना तारा निघाल्या आणि परत लावताना एका स्पीकरच्या लाल-काळ्याची अदलाबदल झाली. मग एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. याची हवा तो ओढून घेतो. वरचे सूर त्यातून बऱ्यापैकी निभावतात, खर्ज मरतो. काकांना हे ठाऊक नाही असं नाही. कल्याणला पारनाक्यावरच्या साडूंकडे त्यांनीच वूफरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल टेकवला, कोन बाहेर येतो की आत जातो ते पाहिलं आणि साडूंचा डग्गा मिळवून दिला. स्वतःच्या घरी हा तपास करायचा नाही. कारण रंगाऱ्याला त्यांनी स्पीकरला हात लावू दिला नव्हता. तारा जोडणारे काकाच.

शेवटी काका दुपारी घोरत असताना पुतणीनं एका स्पीकरच्या तारा उलटवल्या. संध्याकाळी पखवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरचे जोशी दारात आले. काका प्रसन्न. "बघितलंत? थंडी पडली, हवा कोरडी झाली, फोम मोकळा झाला!" पुतणी काही बोलली नाही. काकूंनी तिला जास्तीची करंजी दिली.

दुसऱ्या दिवशी मांडणीतलं कुठलंसं भांडं त्या घुमण्याला झिणझिणतंय असं काकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून ते एकेक पातेलं कानाला लावून बघतायत, आणि काकूंना कुकरचं झाकण सापडत नाहीये.