सतरा कोटींची नशा आणि पंक्चरची ट्यूब

एप्रिल 2025 मध्ये लातूर जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं, आणि तेही परीक्षेच्या निकालाशिवाय. चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रोनचा कारखानाच पकडला. माल अकरा किलोंच्या वर, किंमत सतरा कोटी, अटक झालेल्यांत एक पोलीसही. मराठवाड्यात उद्योग येत नाहीत, ही जुनी तक्रार तेवढ्यापुरती मिटली.

सतरा कोटींची नशा पकडायला केंद्राचं खातं धावून येतं. पंक्चरच्या सोलुशनसाठी कोण येणार? ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात बसतच नाही. थिनर रंगाच्या दुकानात, सोलुशन सायकलवाल्याकडे, चपला चिकटवायचं जनरल स्टोअरमध्ये. चिंधीवर ओतायचं, मुठीत धरून हुंगायचं. भूक, थंडी, घरचा मार थोडा वेळ लांब जातो. उतरलं की पुन्हा चिंधी.

एम्सने केंद्रासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17. बाकी कुठल्याही नशेत पोरांनी बापांना असं मागे टाकलेलं नाही. मदतीची गरज असलेली मुलं देशात साडेचार लाखांहून जास्त, आणि त्या यादीत वरच्या राज्यांत आपलंही नाव.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नये. 2012 साली व्हाइटनरच्या बाटल्यांची विक्री बंद केली, पेनातला तेवढा ठेवला. पंक्चरची ट्यूब तशीच राहिली. आता सायकली बंद करणार का, हा दुकानदाराचा प्रश्न रास्त आहे. पण दप्तरवालं पोरगं आठवड्यात चौथी ट्यूब मागतंय, आणि त्याच्याकडे सायकलच नाही, एवढं गल्ल्यावरच्या माणसाला दिसत असेलच की.

आपला इलाज ठरलेला. नांदेड स्टेशनावर चिंधी हुंगणारं पोरगं दिसलं की "ए, काय करायलास रे!" म्हणून काठी घेऊन मागे लागायचं. नेमकं हेच करू नये. या वाफांमुळे हृदय इतकं हळवं होतं की अचानक भीती, धावपळ झाली तर ठोके बिघडून ते जागीच थांबू शकतं. पहिल्याच वेळी हुंगणाराही दगावू शकतो. आवाज चढवू नका, पळवू नका, मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा आणि 108 लावा. मारायची फारच हौस असेल तर नंतर स्वतःच्या कपाळावर मारा.

लातुरातल्या पालकांना हे सगळं स्टेशनावरच्या पोरांचं वाटतं. "आमचं लेकरू नीटचा अभ्यास करायलंय." छान. मॉक टेस्टचे मार्क आपल्याला तोंडपाठ असतात. बाहीला येणारा रंगाचा वास, तोंडाभोवतीचं पुरळ, सदा गळणारं नाक विचारायला सवड नसते. दिसलंच तर डॉक्टरकडे न्या. व्यसनासाठी 14446, अडचणीतल्या मुलासाठी 1098, दोन्ही नंबर फुकट आहेत.

26 जूनला व्यसनविरोधी दिनाची प्रभातफेरी निघेलच. त्याआधी शाळेची भिंत रंगवायची असेल, तर थिनर आणायला गुरुजींनी स्वतः जावं.